संगणकात जादा कार्ड बसवताना: लॅन, सिरीयल, यूएसबी आणि वाय-फाय

मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस सुरू झाला की मराठवाड्यातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एकाच तक्रारीचे सीपीयू येऊ लागतात. संगणक चालू होतो, सगळं दिसतं, फक्त नेट येत नाही. मदरबोर्डावरचा लॅन पोर्ट विजेच्या झटक्यानं गेलेला असतो. दुसरी तक्रार वर्षभराची. मोंढ्यातल्या आडतीवर, जिनिंगमध्ये किंवा डाळमिलच्या भुईकाट्यावर जुना संगणक बंद पडतो, नवा येतो, आणि काट्याच्या इंडिकेटरची, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राची, नऊ पिनांची केबल लावायला नव्या संगणकाला जागाच नसते. दोन्ही ठिकाणी मदरबोर्ड बदलायची गरज नाही. तळहाताएवढं कार्ड पुरतं.

कार्ड बसवायला दहा मिनिटं लागतात. घोळ होतो तो त्याच्या आधी, म्हणजे भलतंच कार्ड घेण्यात, आणि त्याच्या नंतर, म्हणजे सेटिंग, वायर आणि अर्थिंगमध्ये. म्हणून इथं त्याच गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

कार्ड करतं काय

मदरबोर्डाच्या आत प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेस नावाच्या पद्धतीनं बोलतो. बाहेरच्या भाषा वेगळ्या: लॅनच्या वायरीत इथरनेट, काट्याच्या केबलमध्ये आरएस-२३२, पेनड्राइव्हला यूएसबी, वाय-फायला रेडिओलहरी. कार्डावरची मुख्य चिप या दोन्हींमधला दुभाषा आहे. दुकानात खोक्यावरचं नाव कुठलंही असो, विचारायचं ते चिपचं नाव. ड्रायव्हर चिपचा असतो, खोक्याचा नाही. चिपचं नाव माहीत असेल तर सोबतची सीडी हरवली तरी अडत नाही.

आधी खात्री करा, कार्ड खरंच हवंय का

लॅन पोर्ट गेला असं म्हणण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. पहिली, पोर्टाजवळचे दिवे. वायर लावल्यावर एकही दिवा लागत नसेल तर राउटरचं दुसरं पोर्ट वापरून बघा, मग दुसरी चांगली पॅच कॉर्ड लावून बघा. दुसरी, तीच वायर दुसऱ्या लॅपटॉपला लावा. तिथं नेट आलं तर वायर आणि राउटर दोन्ही ठीक आहेत. तिसरी, डिव्हाइस मॅनेजर. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक केली की यादीत सापडतो. त्यात 'नेटवर्क अडॅप्टर' उघडा. लॅनचं नावच दिसत नसेल तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डाचं सेटिंग) जाऊन ऑनबोर्ड लॅन चालू आहे का ते बघा, कारण बायॉसचा सेल उतरून सेटिंग मूळ जागी गेल्यावरही असं होतं. नाव दिसतंय, ड्रायव्हर नीट आहे, वायर चांगली आहे आणि तरीही 'केबल अनप्लग्ड' असंच येत असेल, तर पोर्टाची बाहेरची बाजू जळालेली आहे. आता कार्ड घ्या.

स्लॉट ओळखा, मगच दुकानात जा

बहुतेक पैसे इथं वाया जातात. कॅबिनेटची डाव्या हाताची, म्हणजे समोरून बघताना डावीकडची पत्र्याची बाजू उघडा आणि मदरबोर्डाच्या खालच्या अर्ध्या भागातले आडवे स्लॉट बघा.

जुना पीसीआय स्लॉट १९९२ सालच्या पद्धतीचा आहे. बहुतेक वेळा पांढरा किंवा फिकट रंगाचा आणि बोटभर लांब. पीसीआय एक्सप्रेस २००३ मध्ये आलं. त्याचे स्लॉट लांबीनुसार ओळखायचे: एक्स-१ साधारण अडीच सेंटिमीटर, एक्स-१६ जवळजवळ नऊ सेंटिमीटर, आणि मधल्या लांबीचे एक्स-४ व एक्स-८. पीसीआयचं कार्ड पीसीआय एक्सप्रेसमध्ये बसत नाही आणि उलटही नाही, खाचाच वेगळ्या जागी आहेत. सरकारी कार्यालयांत आणि शाळांमध्ये दहा-पंधरा वर्षं जुने संगणक अजून चालतात. तिथं कधी दोन्ही प्रकारचे स्लॉट असतात, कधी फक्त जुने. त्यामुळं मोबाइलवर स्लॉटचा फोटो काढून दुकानदाराला दाखवणं सगळ्यात चांगलं.

पीसीआय एक्सप्रेसचा एक मोठा सोयीचा नियम: लहान कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये चालतं. एक्स-१ स्लॉट रिकामा नसेल तर एक्स-१ चं लॅन कार्ड एक्स-१६ मध्ये बिनधास्त बसवा. जुन्या-नव्या आवृत्त्याही एकमेकींशी जुळवून घेतात, वेग फक्त दोघांतल्या कमी आवृत्तीचा मिळतो. आणि वेगाची चिंता लॅनसाठी करायचं कारण नाही. पहिल्या आवृत्तीच्या एका लेनमधून (माहिती जाण्याची एक वाट, एक्स-१ मध्ये एकच असते) एका दिशेनं सेकंदाला २५० मेगाबाइट जातात. गिगाबिट लॅनला जास्तीत जास्त १२५ लागतात.

आता पट्टी. कार्डाच्या टोकाला जी धातूची पट्टी कॅबिनेटला स्क्रूनं आवळतात, तिच्या दोन उंची आहेत: पूर्ण पट्टी साधारण १२ सेंटिमीटर, अर्धी साधारण ८. कंपन्यांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे बारीक आडवे-उभे सेकंडहँड संगणक आपल्याकडं खूप विकले जातात. त्यांना अर्धी पट्टीच लागते. चांगल्या कार्डाच्या खोक्यात दोन्ही पट्ट्या असतात, घेताना उघडून बघा. आणि जे अगदी पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप येतात, त्यांच्यात असा स्लॉट नसतोच. तिथं यूएसबीवरचं अडॅप्टर हाच मार्ग.

कुठलं कार्ड

लॅनसाठी रियलटेकची आरटीएल८१११ किंवा ८१६८ या कुळातली गिगाबिट चिप घरासाठी, दुकानासाठी, शाळेसाठी पुरते. तिचा ड्रायव्हर विंडोज आणि लिनक्समध्ये आधीपासून असतो. अडीच गिगाबिटची कार्डं, म्हणजे रियलटेक ८१२५ किंवा इंटेल आय-२२६, छान आहेत. पण राउटर किंवा स्विच त्या वेगाचा नसेल तर ती गिगाबिटवरच चालणार. शिवाय जुन्या विंडोजमध्ये त्यांचा ड्रायव्हर नसतो. मग नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट हवं, अशी अडकाअडकी. त्यावर सोपा उपाय: अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, तेवढ्यापुरतं नेट मिळतं.

यूएसबी कार्डाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट ३.३ आणि १२ व्होल्ट देतो, ५ व्होल्ट देतच नाही, आणि यूएसबीला तर ५ च लागतात. एका यूएसबी ३ पोर्टला ९०० मिलीअँपिअर धरले तर चार पोर्टांचे १८ वॉट होतात. एक्स-१ स्लॉटमधून साध्या कार्डाला १० वॉटच मिळतात. म्हणून चांगल्या यूएसबी कार्डावर एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर लावायला वेगळं सॉकेट असतं, चार पिनांचं मोलेक्स किंवा साटा. ती वायर लावायची राहिली की बोटांचे ठसे घेणारं यंत्र एकटं चालतं, पण स्कॅनर जोडला की दोन्ही गायब होतात. सेवा केंद्रांत प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम आणि ठशाचं यंत्र एकाच वेळी चालवायचं असतं, तिथं ही वायर आठवणीनं लावा.

वाय-फाय कार्ड घेताना अँटेना वायरीवर लांब ठेवता येणारं घ्या. कार्डालाच चिकटलेल्या अँटेना लोखंडी कॅबिनेटच्या मागं, भिंतीकडं तोंड करून राहतात. माळवदाच्या जुन्या घरात मातीच्या हातभर जाड भिंती असतात, त्यातून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पुढच्या खोलीत पोचत नाही. तिथं २.४ वापरा किंवा सरळ वायर ओढा. वाय-फाय कार्डासोबत ब्लूटूथ असेल तर खोक्यात एक छोटी यूएसबी वायर येते. ती कार्डापासून मदरबोर्डावरच्या ९ पिनांच्या यूएसबी हेडरला लावावी लागते. वाय-फाय स्लॉटवरून चालतं, ब्लूटूथ या वायरीवरून. 'वाय-फाय आलं पण ब्लूटूथ दिसत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हीच वायर. लॅपटॉपमधलं छोटं कार्ड बदलणार असाल तर इंटेलचं एएक्स-२०० आणि एएक्स-२०१ एकसारखी दिसतात म्हणून फसू नका. २०० हे पीसीआय एक्सप्रेसवर चालतं. २०१ ला इंटेलचाच ठराविक प्रोसेसर लागतो, इतर ठिकाणी ते मुकं राहतं.

सिरीयल कार्डाचा विषय मोठा आहे, तो पुढं वेगळा घेऊ.

बसवण्याच्या पायऱ्या

लागणारं सामान: दोन नंबरचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती कापड, टॉर्च. बस.

१. संगणक शटडाउन करा. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलं तर तो पूर्ण बंद होतो. नुसत्या शटडाउनमध्ये तो अर्धा झोपलेला असतो आणि कधीकधी नवं कार्ड ओळखत नाही.

२. भिंतीच्या बोर्डावरचं बटण बंद करून थांबू नका, पॉवर केबल मागून काढा. संगणक बंद असतानाही एसएमपीएस मदरबोर्डाला थोडी वीज देत राहतो. मदरबोर्डावरचा छोटा दिवा त्यामुळंच लागलेला दिसतो आणि स्लॉटमध्येही ३.३ व्होल्ट असू शकतात. अशा स्लॉटमध्ये कार्ड घुसवलं तर चिप जाऊ शकते. केबल काढल्यावर चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, उरलेली वीज निघून जाते.

३. कार्ड पिशवीतून काढण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आणि डिसेंबरच्या थंडीत अंगावर स्थिर वीज साठते. टेरिकॉटचा शर्ट आणि प्लॅस्टिकची खुर्ची असेल तर विचारूच नका. काम चालू असताना मधूनमधून धातूला हात लावत राहा.

४. स्लॉटच्या समोरची मागची पत्र्याची पट्टी काढा. ती स्क्रूनं असेल तर स्क्रू जपून ठेवा. काही स्वस्त कॅबिनेटमध्ये ती पुढंमागं हलवून तोडावी लागते, कडा धारदार असतात, बोट सांभाळा.

५. स्लॉट ब्रशनं साफ करा. कार्डाची सोनेरी किनार बोटांनी धरायची नाही, कडेनं धरायचं.

६. कार्ड सरळ उभं धरून दोन्ही अंगठ्यांनी सारख्या जोरानं खाली दाबा. पुढंमागं डोलवून घालू नका. नीट बसल्यावर सोनेरी किनार स्लॉटच्या बाहेर एकसारखी, अगदी थोडी दिसते. एक बाजू वर, एक खाली असेल तर परत काढून बसवा.

७. स्क्रू आवळा. इथं एक चूक हमखास होते: पट्टी थोडी वाकडी असते आणि स्क्रू आवळताना कार्डाचं मागचं टोक स्लॉटमधून उचललं जातं. स्क्रू झाल्यावर टॉर्चनं परत बघा. आणि डीव्हीडी ड्राइव्हचा बारीक आट्याचा स्क्रू इथं मारू नका, कॅबिनेटचे आटे जातात.

८. पत्रा लावण्याआधी एकदा चालू करून बघा. काम झालं की पत्रा.

ड्रायव्हर

चालू झाल्यावर दोन मिनिटं थांबा. विंडोज बहुतेक लॅन कार्डं स्वतः ओळखतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला तर त्यावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून 'हार्डवेअर आयडी' निवडा. तिथं व्हेंडर आणि डिव्हाइस असे दोन कोड दिसतात. व्हेंडर १०ईसी म्हणजे रियलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. हे दोन कोड घेऊन चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर टाकून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं टाळा, ती सोबत भलतंच काही टाकतात.

कार्ड यादीत अजिबात दिसत नसेल तर ड्रायव्हरचा प्रश्न नाही. कार्ड नीट बसलेलं नाही, स्लॉट बायॉसमधून बंद आहे, किंवा तो स्लॉट एखाद्या एम-२ एसएसडीबरोबर वाटून दिलेला आहे. काही मदरबोर्डांत एसएसडी लावली की खालचा एक स्लॉट बंद होतो, त्याच्या मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं. दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून बघितलं की उलगडा होतो.

नवं लॅन कार्ड चाललं की जळालेला ऑनबोर्ड लॅन बायॉसमध्ये बंद करून टाका. अर्धवट जळालेली चिप मधूनच जागी होते, विंडोजला गोंधळात टाकते.

आणि एक लक्षात ठेवायची गोष्ट. कार्ड बदललं की संगणकाचा मॅक पत्ता, म्हणजे लॅन कार्डाचा कारखान्यातूनच आलेला ओळख क्रमांक, बदलतो. हिशेबाचं किंवा काट्याचं एखादं सॉफ्टवेअर त्या पत्त्याला बांधलेलं असेल तर ते परवाना मागेल. नेट देणाऱ्यानं जुना पत्ता नोंदवला असेल तर नेटही येणार नाही. कार्ड बसवण्याआधीच कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ऑल, अशी आज्ञा देऊन जुना मॅक पत्ता कागदावर उतरवून ठेवा.

लॅन जोडताना

वायर लावल्यावर नेटवर्कच्या स्टेटसमध्ये वेग बघा. गिगाबिट कार्ड, गिगाबिट राउटर, आणि तरी १०० दिसत असेल तर दोष वायरीत आहे. १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ या चारच पिना लागतात. गिगाबिटला आठही लागतात. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटलेली आहे किंवा प्लग नीट पंच झालेला नाही. सेटिंगमध्ये जाऊन जबरदस्तीनं वेग १००० करू नका, त्यानं तार जुळत नाही. प्लग कापून नव्यानं पंच करा. क्रम डावीकडून, क्लिप खाली आणि सोनेरी पिना वर ठेवून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. जोड्यांचा पीळ प्लगपर्यंत जितका राखता येईल तितका राखा.

वायर घेताना तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल कॅट-६ म्हणून सर्रास मिळते. तारेला ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियम. ती प्लगपाशी तुटते, आणि लॅनवरूनच वीज घेणारे कॅमेरे लांबवर लावले तर रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच बंद पडतात, कारण तारेतच व्होल्टेज उतरतं. तांब्याची वायरसुद्धा एका सलग ओळीत १०० मीटरपर्यंतच.

पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, त्यानं स्वतःच काहीतरी लावून घेतलं आहे. वायर किंवा राउटर बघा, विंडोज परत टाकू नका.

एका संगणकात दोन लॅन कार्डं लावण्याचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे कॅमेरे आणि नेट वेगळे ठेवणं. जिनिंगच्या आवारात किंवा गोदामात दहा-बारा कॅमेरे असतील तर त्यांचा सगळा भार नेटच्या राउटरवर येत नाही आणि कॅमेरे बाहेरच्या जगाला उघडे पडत नाहीत. पण इथं दोन चुका ठरलेल्या आहेत. पहिली: दोन्ही कार्डांना १९२.१६८.१ याच मालिकेतले पत्ते दिले जातात, कारण बहुतेक राउटर आणि बरेच कॅमेरे कारखान्यातून त्याच मालिकेत येतात. मग कुठल्या कार्डातून जायचं हे संगणकाला कळत नाही आणि कधी कॅमेरे दिसतात, कधी नेट जातं. नेटच्या बाजूला १९२.१६८.१ असू द्या. कॅमेऱ्यांच्या बाजूला १९२.१६८.१० ची मालिका घ्या, संगणकाच्या त्या कार्डाला १९२.१६८.१०.५ आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या. दुसरी चूक: दोन्हीकडं गेटवे (बाहेर नेटकडं जायचा राउटरचा पत्ता) भरला जातो. गेटवे फक्त नेटच्या कार्डात. कॅमेऱ्यांच्या कार्डात गेटवे आणि डीएनएस दोन्ही रिकामे. झाल्यावर दोन्ही कार्डांना विंडोजमध्ये नावं द्या, 'नेट' आणि 'कॅमेरा', म्हणजे पुढच्या माणसाला शोधत बसावं लागणार नाही.

थोड्या वेळानं लॅन आपोआप तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची जी परवानगी असते, तिची खूण काढा.

सिरीयल कार्ड आणि भुईकाटा

नवशिक्याची सगळ्यात जास्त दमछाक इथं होते. इंडिकेटरमधून येणारं वजन म्हणजे नुसती अक्षरांची ओळ असते, एका तारेवरून एकामागून एक येणारी. ती वाचायला संगणकाला नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट हवा. यूएसबी ते सिरीयल केबल स्वस्त पडते, पण रात्रंदिवस चालणाऱ्या काट्यावर स्लॉटमधलं कार्ड जास्त भरवशाचं. केबल ओढली गेली, दुसऱ्या यूएसबीत लावली गेली की तिचा कॉम नंबर (विंडोज सिरीयल पोर्टाला देतं तो क्रमांक) बदलू शकतो आणि गाड्यांची रांग लागलेली असताना वजन येणं थांबतं. कार्ड एकदा बसलं की त्याचा नंबर तोच राहतो.

यूएसबी केबलच घ्यायची असेल तर पीएल२३०३ चिपच्या जुन्या आणि नकली केबलपासून सावध राहा. नवा ड्रायव्हर त्या चिपच्या जुन्या आवृत्त्या स्वीकारतच नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ही चिप २०१२ पासून बंद केल्याचा संदेश येतो. आणि मोकळ्या पिनांचं यूएसबी ते टीटीएल मोड्यूल काट्याला कधीही लावू नका. आरएस-२३२ च्या तारेवर उणे आणि अधिक १५ व्होल्टपर्यंत येतात, ते मोड्यूल ५ व्होल्टांचं असतं.

जोडण्याआधी कार्ड एकटं तपासा. पोर्टाच्या पिन २ आणि ३ एका छोट्या तारेनं जोडा. पुटी हा फुकट प्रोग्राम उघडा, सिरीयल निवडा, कॉम नंबर टाका आणि काहीही टाइप करा. टाइप केलेलं परत पडद्यावर आलं तर कार्ड, ड्रायव्हर आणि कॉम नंबर तिन्ही ठीक. तार काढली की अक्षरं यायची थांबली पाहिजेत.

आता इंडिकेटरची बाजू. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब इंडिकेटरच्या ग्राउंड पिनवर. ज्या पिनवर उणे ५ ते उणे १२ च्या आसपास व्होल्ट दिसतात, ती वजन पाठवणारी पिन. ती संगणकाच्या पिन २ ला, ग्राउंड पिन ५ ला. फक्त वजन वाचायचं असेल तर या दोन तारा बऱ्याच इंडिकेटरना पुरतात. काही इंडिकेटर मागितल्याशिवाय वजन पाठवत नाहीत, त्यांना संगणकाच्या पिन ३ ची तारही लागते, किंवा त्यांच्या मेनूमध्ये सतत पाठवण्याची सोय चालू करावी लागते.

मग वेग. इंडिकेटरच्या मॅन्युअलमध्ये बॉड रेट असतो, बहुधा ९६०० किंवा २४००, सोबत ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. फ्लो कंट्रोल बंद. पडद्यावर चौकोन आणि विचित्र खुणा येत असतील तर वायर बरोबर आहे, वेग किंवा पॅरिटी चुकली आहे. काहीच येत नसेल तर वायर उलट आहे किंवा कॉम नंबर चुकीचा आहे. पुटीमध्ये वजन दिसतं पण काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, तर पुटी बंद केलंत का ते बघा. एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो.

जुनी सॉफ्टवेअरं कॉम १ ते ४ एवढेच नंबर ओळखतात आणि नव्या कार्डाला विंडोज ५ किंवा ७ देतं. डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट्स, प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथं नंबर बदला. हवा तो नंबर 'वापरात' दाखवत असेल तर व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवा आणि जुन्या, आता नसलेल्या केबलची फिकट नोंद काढून टाका.

एक विचित्र दोष माहीत असावा. संगणक चालू होताना इंडिकेटर सतत आकडे पाठवत असेल तर विंडोजला कधीकधी तो सिरीयल माउस वाटतो. मग बाण पडद्यावर स्वतःच उड्या मारतो, खिडक्या उघडतात, लोक व्हायरस समजून संगणक फॉरमॅट करतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत 'सिरीयल बॉलपॉइंट' दिसेल. त्याला डिसेबल करा. अनइन्स्टॉल केलं तर पुढच्या वेळी परत येतो.

केबल साधारण १५ मीटरपर्यंत ठेवा. ऑफिस लांब असेल तर दोन्ही टोकांना आरएस-४८५ चे कन्व्हर्टर लावा, ती पद्धत १२०० मीटरपर्यंत जाते.

अर्थिंग, वीज आणि धूळ

कार्ड पुन्हा पुन्हा जात असेल तर दोष कार्डात शोधू नका. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रलमधून कॅबिनेटकडं थोडी वीज सोडतात. अर्थिंग चांगलं असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटवर मेनच्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट राहतात. हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या याच. अशा संगणकाला दुसऱ्या बोर्डावरच्या इंडिकेटरची सिरीयल केबल जोडली की दोन्हींमधला फरक ग्राउंडच्या तारेतून वाहतो आणि पोर्टाची चिप जाते. म्हणून केबल जोडताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा, दोन्ही एकाच बोर्डावर आणा, आणि तरी कार्डं जात असतील तर मधे ऑप्टिकल आयसोलेटर बसवा.

तपासायचं काम वायरमनकडून करून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या जवळ हवेत. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, पाचच्या वर गेलं तर अर्थिंग बघायला हवं. आपली काळी जमीन पावसाळ्यात विजेला उत्तम वाट देते, पण मार्चनंतर भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपपासून सुटते. खड्ड्यात कोळसा-मीठ असलं तरी पाणी नसेल तर उपयोग नाही. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायची सवय लावा. पाणी टंचाई असते हे खरं. धुण्याचं, भांड्यांचं पाणीही चालतं.

लॅन कार्डात प्रत्येक जोडीवर छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो साधारण १५०० व्होल्टपर्यंतचा धक्का अडवतो. जवळपास वीज पडली तर उघड्यावरच्या लांब केबलमध्ये त्याहून कितीतरी जास्त व्होल्ट तयार होतात. वीज केबलवरच पडायला हवी असं नाही. दोन इमारतींच्या मधून, पत्र्याच्या शेडवरून किंवा खांबांवरून गेलेली लॅन वायर हे पोर्ट जळण्याचं पहिलं कारण आहे. तिथं तांब्याऐवजी फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. काचेतून वीज येत नाही. एकाच धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर घेतले तर एका टोकाला ए आणि दुसऱ्या टोकाला बी लावावा लागतो, दोन्ही ए घेतले तर दिवा लागत नाही. फायबर जमेपर्यंत ढग गडगडू लागले की पॉवरची पिन काढण्यासोबत लॅनची वायरही काढा. बहुतेक लोक फक्त पॉवर काढतात आणि पोर्ट लॅनच्या वायरीतून जातो.

जिनिंगमध्ये कापसाचे तंतू आणि डाळमिलमध्ये चुणीची पूड कॅबिनेटमध्ये थर करून बसते. दर तीन महिन्यांनी ब्लोअर मारा. पंखे बोटानं धरून ठेवा, हवेनं गरगर फिरू देऊ नका. कार्ड दिसायचं बंद झालं तर काढून सोनेरी किनार आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडानं एका दिशेनं पुसा, दोन मिनिटं वाळू द्या, परत बसवा. पेट्रोल, थिनर आणि पॉलिश पेपर या तिन्हींनी किनारीचा मुलामा जातो.

सगळं चालू झाल्यावर एक चिठ्ठी लिहून कॅबिनेटच्या पत्र्याला आतून चिकटवा: कार्डाची चिप, बसवल्याची तारीख, नवा मॅक पत्ता, दोन्ही लॅनचे आयपी पत्ते, कॉम नंबर, बॉड रेट. ऐन हंगामात रात्री काटा बंद पडला तर दुरुस्तीला येणारा माणूस आधी ती वाचेल.